सोलापूरहून एक दिवस ओढ्याकाठी आणि समुद्राच्या कातळावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरला की आम्ही काही सोलापूरकर मंडळी रातोरात कोकणात उतरतो. सकाळी मार्लेश्वरच्या ओढ्याकाठी चालतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी जयगडच्या कातळावर. मी शाळेत भूगोल शिकवत होते. निवृत्तीनंतर या सहलीचं नियोजन माझ्याकडे आलं आणि दरवर्षी तेच तेच प्रश्न फोनवर येऊ लागले. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. भरती-ओहोटीचं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचाच, बाकीची चाळली तरी चालतील.

नेमकं कुठे जायचं असतं? चालायचं किती?

शुक्रवारी रात्री नऊला गाडी निघते. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर आणि उजाडता उजाडता आंबा घाट. घाट उतरलं की साखरपा आणि तिथून देवरुखच्या बाजूला मारळ गाव. सकाळची चाल मारळपासून मार्लेश्वरच्या पायथ्यापर्यंत, मग पायऱ्या चढून मार्लेश्वराच्या गुहेतल्या देवळापर्यंत आणि परत. दुपारी गाडीने निवळीमार्गे जयगड. तिथे किल्ला, दीपगृहाचा परिसर आणि कऱ्हाटेश्वराचं देऊळ, शेवटी ओहोटीच्या वेळी कातळावर. दोन्ही मिळून दहा-अकरा किलोमीटर होतात. सपाट रस्त्यावर हे अंतर काहीच नाही. पण पायऱ्या आणि ओबडधोबड दगड यांमुळे संध्याकाळी पोटऱ्या बोलतात.

ओढेच बघायचे तर इतक्या लांब कशाला? आणि दोन्ही एकाच दिवशी का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

आपण भीमेच्या खोऱ्यातली माणसं. भीमा उगम पावते भीमाशंकरला, सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथून पश्चिमेचा समुद्र अगदी जवळ. पण उतार पूर्वेकडे, म्हणून ती समुद्राकडे पाठ करून निघते. उजनीत अडते, पंढरपुरात चंद्रभागा होते, आपल्या जिल्ह्याच्या कडेने पुढे कर्नाटकात जाते, कृष्णेला मिळते आणि मग कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. भीमाच ८६१ किलोमीटर, कृष्णा १,४०० किलोमीटर. आपलं पाणी समुद्राला मिळताना बघायचं तर आंध्रात जावं लागेल. उगम आणि मुख एका दिवसात बघणं आपल्याला शक्यच नाही.

आंबा घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून मी सगळ्यांना खाली उतरवते. मागे पडलेला पाऊस आपल्या बाजूला, पूर्वेला जातो. पुढे पडलेला पाऊस कोकणात. मधे फक्त एक धार. त्या धारेपलीकडे मार्लेश्वरला बाव नदी उगम पावते. धबधब्यातून उडी घेते, देवरुखच्या भागातून वाहते, मुंबई-गोवा महामार्गाखालून जाते, शास्त्री नदीला मिळते आणि जयगडच्या खाडीतून समुद्रात. डोंगर ते समुद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटर. म्हणजे सकाळी ज्या पाण्यात पाय बुडवले, तेच पाणी दुपारी पुलावरून नदी म्हणून दिसतं आणि संध्याकाळी किल्ल्यावरून खाडी म्हणून. एकच पाणी, एका दिवसात तीनदा भेटतं. तीस वर्षं मी फळ्यावर निळ्या खडूने नद्या काढल्या. पहिल्यांदा हे तीन टप्पे एका दिवसात पाहिले तेव्हा बावनदीच्या पुलावर मला बोलता येईना.

आणखी एक. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीत तीन हजारांच्या पुढे. ज्यांनी घरात पिंप भरून ठेवून दिवस काढलेत, त्यांना वाहतं पाणी बघताना काय वाटतं ते आमच्या गाडीत बसल्याशिवाय कळणार नाही. एक काकू पहिल्या वर्षी ओढ्याकाठी बसून नुसत्या म्हणत राहिल्या, “एवढं चाललंय, कुणी अडवत पण नाही गं.”

कोणत्या महिन्यात जाता?

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत. ओढ्याला अजून धार असते, समुद्र निवळलेला असतो, सड्यावरचं, म्हणजे कोकणातल्या दगडी पठारावरचं, गवत सोनेरी झालेलं असतं. डिसेंबरातही जाता येतं, पण धबधबा बारीक होतो. ऑक्टोबरात ऊन मात्र चटका लावतं आणि कोकणातली दमट हवा आपल्या अंगाला सवयीची नाही. आपल्याकडे घाम येतो तसा वाळतो. तिकडे तो अंगावरच राहतो.

पावसाळ्यात का नेत नाही? खरा धबधबा तर तेव्हाच.

नेत नाही आणि नेणारही नाही. जुलैत तो धबधबा डोळ्यांत मावत नाही हे खरं आहे. पण ओढा तेव्हा भरवशाचा नसतो आणि समुद्र तर नाहीच. कोकणातले मच्छीमारसुद्धा त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते जात नाहीत, तिथे आपण कोण? जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातली पाच माणसं पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. ते दृश्य मोबाईलवर सगळ्यांनी पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढून ते अजून गेलेलं नाही.

तारीख कशी ठरवता? शनिवार-रविवार बघून एखादी सोयीची का धरत नाही?

कारण कातळावर कधी जायचं ते समुद्र ठरवतो. सोय आधी त्याची बघायची, मग आपली.

दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीला सहा तासांवर थोडी मिनिटं लागतात. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त, म्हणजे पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच.

आता आपल्याला हवी चारच्या सुमाराची ओहोटी, म्हणजे उन्हं कलल्यावर कातळ उघडा मिळेल. चारला ओहोटी तर भरती सकाळी पावणेदहाच्या आसपास हवी. पावणेदहा कोणत्या तिथीला? तेरा गुणिले पाऊण, पावणेदहा. त्रयोदशी! एक दिवस मागेपुढे चालतो, म्हणून द्वादशी ते चतुर्दशीमध्ये जो शनिवार येतो तो आपला. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे लक्षात ठेवायला सोपं आहे. पंढरपूरची एकादशी झाली, उपास सोडला, की आपली वेळ आली. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या जवळच्या दिवसांत उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही, त्यामुळे एरवी बुडालेला कातळ उघडा पडतो.

हा ठोकताळा तारीख निवडण्यापुरता. निघायच्या आदल्या दिवशी रत्नागिरीच्या भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक बघतोच, आणि तिथे पोहोचल्यावर गावातल्या मच्छीमाराला विचारतोच. तिन्ही जुळलं तरच उतरायचं. वेळेचा नियम असा: पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासात वर यायचं. पाणी फिरलं की थांबायचं नाही, मग फोटो राहू दे नाहीतर चप्पल राहू दे.

हा नियम आम्ही शिकलो तो रक्त सांडून. सुरुवातीच्या एका वर्षी मी तिथी न बघताच सुट्टी बघून तारीख धरली. अष्टमी होती. रस्त्याकडेच्या एका खानावळीत विचारलं, तर कुणीतरी सांगितलं, “ओहोटीच आहे, जा बिनधास्त.” अष्टमीला भरती सहाला, म्हणजे आम्ही चारला उतरलो तेव्हा पाणी चढत होतं. पुढे बघत चाललो होतो. मागे एक अरुंद घळ होती, ती येताना कोरडी ओलांडलेली. वीस मिनिटांनी वळलो तर तिच्यात कमरेएवढं पाणी आत-बाहेर करत होतं. एकमेकांचे हात धरून, लाट मागे सरकेपर्यंत थांबून, एकेक करून पार झालो. शेवटच्या सहकाऱ्याचा पाय घसरला आणि नडगी कालवांवर घासली. आठ टाके पडले. सांगणाऱ्याची चूक नव्हती, तो त्याच्या कामात होता. पंचांग घरी भिंतीवर होतं आणि मी ते बघितलं नव्हतं.

कालवं म्हणजे?

कातळाला घट्ट चिकटलेले शिंपले. आतलं मांस खातात, आणि कोकणात ते फार चवीने खातात. पण वरचा काठ ब्लेडसारखा असतो. हाताने आधार घ्यायच्या आधी दगड बघायचा.

पायात काय घालायचं?

तळाला खोल नक्षी असलेले, मागून बंद बूट. ओले झाले तरी चालतील असे. गुळगुळीत तळाचे चालायचे पांढरे बूट ओल्या दगडावर साबणासारखे घसरतात. स्लिपर नको. नवीन बूट तर नकोच. निदान पंधरा दिवस घालून फिरलेले असावेत. मोजे दोन जोड जास्तीचे.

दगड कसा ओळखायचा तेही सांगते. कोरडा काळा दगड पाय धरतो. हिरवं शेवाळ दिसतं, म्हणून माणूस ते टाळतो. धोका असतो तो काळपट, तेलकट चमकणाऱ्या दगडावर. तिथे शेवाळाचा पातळ थर असतो, दिसत नाही. असा दगड आला की त्याच्या मधोमध पाय न टाकता दोन दगडांच्या बेचक्यात टाकायचा.

साडी नेसून चालता येतं का?

येतं. दोन काकू नऊवारीत येतात आणि सगळ्यांत पुढे असतात. पाचवारीचा घोळ मात्र पायऱ्यांवर आणि कातळावर पायात येतो. सलवार बरी. जीन्स ओली झाली की जड होते, वाळत नाही. टोपी किंवा पंचा हवाच. आणि एक सोलापुरी चादर आणा. रात्री गाडीत पांघरायला, दुपारी अंथरायला, संध्याकाळी ओलं झाल्यावर गुंडाळायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

खाण्यापिण्याचं काय?

सकाळचं आणि वाटेतलं आपलं आपण. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे. कडक भाकरी प्रवासासाठीच जन्माला आली आहे. चार दिवस टिकते, चेंगरत नाही, पोटाला बाधत नाही. फक्त कोकणातल्या हवेत ती मऊ पडते, म्हणून डबा घट्ट झाकणाचा हवा. दुपारी निवळीच्या आसपास जेवण: तांदळाची भाकरी, उसळ किंवा मासे, सोलकढी. शेंगाचटणीचा जास्तीचा पुडा आणलात तर खानावळीच्या मावशींना द्या. गेल्या वर्षी त्यांनी बदल्यात आमसुलं दिली, ती घरी वर्षभर पुरली.

घाम फार जातो, म्हणून लिंबू, मीठ, साखर जवळ ठेवा. पाणी माणशी दोन लिटर.

ओढ्याचं पाणी पिता येतं का?

दिसायला काचेसारखं असलं तरी नाही. वर गुरं चरतात, माणसं जातात. कऱ्हाटेश्वराच्या गोमुखाचं पाणी मी स्वतः पिते. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी चव घ्यावी आणि पुढे जावं.

गोमुख समुद्रकाठी? पाणी खारट नसतं?

नसतं, आणि हीच माझी सगळ्यात लाडकी जागा. देऊळ कड्यावर आहे. मागच्या बाजूने पायऱ्या खाली समुद्राकडे उतरतात. पायऱ्यांच्या पायथ्याला लाटा फुटताना ऐकू येतात, तुषार ओठांवर येतात, ओठ खारट होतात. आणि तिथेच गोमुखातून गोड पाणी पडत असतं. ओंजळीत धरलं की थंडगार.

हे कसं होतं? कोकणातल्या सड्यांवर जांभा दगड असतो. तांबूस, भोकाभोकांचा, अगदी जाळीच्या धपाट्यासारखा. तो पावसाचं पाणी आत घेतो. ते झिरपत खाली जातं, खाली घट्ट थर लागला की अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतं. चार महिन्यांचा पाऊस दगडात साठवून तो डोंगर ते पाणी वर्षभर थेंबाथेंबाने सोडत असतो. दरवर्षी मुलांना मी आधी ओठ चाटायला सांगते आणि मग ओंजळ प्यायला. पुढचं समजवावं लागत नाही.

मार्लेश्वरला पायऱ्या किती? गुहेत साप असतात हे खरं का?

पायऱ्या पाचशेच्या आसपास, अधूनमधून बसायला जागा आहे. घाई नाही. गुहेचं तोंड लहान, वाकून आत जावं लागतं. आत विजेचा दिवा नाही, समयांच्या उजेडात दर्शन होतं. डोळे सरावायला मिनिटभर लागतं. कपारींमध्ये साप असतात, हो. ते त्यांचं घर आहे. हात भिंतीला लावायचा नाही, मोबाईलचा उजेड कपारीत मारायचा नाही. मकरसंक्रांतीला तिथे मार्लेश्वर आणि साखरप्याच्या गिरिजादेवीचं लग्न लागतं. तेव्हा माणसांचा पूर असतो, त्यामुळे ओढ्यासाठी म्हणून जाणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. लग्नासाठी जाणाऱ्यांनी अर्थातच तेव्हाच जावं. आपल्याकडे सिद्धरामेश्वराच्या गड्डा यात्रेत त्याच सुमाराला अक्षता पडतात, हे ऐकून मारळच्या एका आजींना फार आनंद झाला होता.

बाकी सापांचं, जळवांचं काय?

जळवा पाऊस थांबला की कमी होतात. लागलीच तर ओढून काढू नका, मीठ लावा, सुटते. फुरसं मात्र रत्नागिरीच्या सड्यांवर असतं. वीतभर-हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, दगडाखाली बसणारं. म्हणून दगड उचलायचा नाही, गवतात आडवाटेने जायचं नाही, अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. चावलंच तर बांधाबांधी, चिरा, मंत्र यांत एक मिनिट घालवायचं नाही. पाय हलू न देता सरळ दवाखाना.

ओढ्यात उतरता येतं का?

काठाला, घोट्याएवढ्या पाण्यात, गटप्रमुखाने दाखवलेल्या जागीच. धबधब्याच्या कुंडात नाही, कुणीही नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी नाही. वरून दगड येतात आणि खालचा तळ कुणालाच माहीत नसतो.

ओढ्याकाठी बसल्यावर कान उघडे ठेवा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी माथ्यावर पाऊस पडत असू शकतो. परतीच्या पावसात तर हमखास. पाण्याचा रंग गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणं, आवाज जड होणं, यातलं एक जरी झालं तरी सामान तिथेच टाकून काठाने वर चढायचं. ओलांडून पलीकडे जायचा मोह होतो, कारण चपला पलीकडे असतात. गुडघ्याएवढं जोरदार पाणीही उभ्या माणसाला पाडतं.

पायाला उघडी जखम असेल तर पाण्यात पाय घालू नका. कोकणात पावसाळ्यात आणि त्यानंतरही लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, साथ असते आणि ती बहुधा जखमेतून शिरते. घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना कोकणात पाण्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगा. इथल्या डॉक्टरांच्या पटकन ते ध्यानात येणार नाही.

समुद्रात पोहायचं आहे.

या सहलीत नाही. खडकाळ किनाऱ्याला पोहणं म्हणजे लाटेने आपल्याला कातळावर आपटू देणं. शेजारच्या गणपतीपुळ्यालाही खूप जण दर्शन झाल्यावर थेट पाण्यात शिरतात आणि तो किनारा फसवा आहे. वाळू एकदम उतरते. दरवर्षी तिथे माणसं बुडतात. त्यात घाटावरून आलेली पुष्कळ असतात, आपल्यासारखीच, जन्मभर विहिरीत पोहलेली. विहिरीचं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं.

मग कातळावर करायचं काय तासभर?

वाकायचं आणि बघायचं. ओहोटीनंतर खळग्यांत पाणी राहतं. परातीएवढा एक खळगा निवडा आणि पाच मिनिटं त्याच्याशेजारी सावली न पाडता बसा. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, बघता बघता कळतं की शंखाला पाय आहेत, आत संन्यासी खेकडा आहे. वाळूच्या रंगाचे बोटभर मासे एका कपारीतून दुसरीत जातात. दगडावरचं मऊ लालसर फूल दिसतं, त्याच्या पाकळ्या हलतात. ते फूल नव्हे, प्राणी आहे. दोन वर्षांपूर्वी कापडाच्या कारखान्यात काम करणारे एक काका अशा खळग्यापाशी पाऊण तास बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, मागावर उभा राहिलो चाळीस वर्षं, एवढं लक्ष लावून कधी धागा पण बघितला नाही.”

दगडही बघा. खालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाचा. आपल्या भुईकोट किल्ल्याच्या बुरुजांतला काळा दगड त्याच कुळातला. सोलापुरात तो उन्हाने तडकतो, इथे लाटा त्याला कुरतडतात. भेगांत लाट शिरते, आतली हवा दाबली जाते, आणि वर्षानुवर्षं हे होत राहिलं की भेगेची घळ होते. गुहागरच्या बाजूला हेदवीला बामणघळ आहे. भरतीला तिच्यातून पाणी कारंज्यासारखं वर उसळतं. आपल्या दिवसात ती बसत नाही, पण स्वतंत्रपणे जाऊन दुरून नक्की बघा. दुरून.

जयगड किल्ला बघण्यासारखा आहे का?

आहे. सोळाव्या शतकात विजापूरकरांनी बांधलेला, म्हणजे आपल्या शेजाऱ्यांचाच. पण मी तिथे नेते ते तटावरून शास्त्रीची खाडी बघायला. सकाळच्या ओढ्याचं पाणी तिथे समुद्राला मिळतं. बाजूलाच बंदर आणि वीज प्रकल्पही आहे, त्याची चिमणी दिसते. तेही या किनाऱ्याचं आजचं रूप आहे, मान फिरवायचं कारण नाही.

कातळशिल्पं दाखवता का?

एका दिवसात होत नाही. उक्षी, कशेळी, बारसू अशा ठिकाणी सड्यांवर कोरलेली ही चित्रं युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये गेली. रविवारी परतताना वेळ असेल तर उक्षीचा हत्ती बघतो. काठावर उभं राहून. चित्रावर पाय ठेवायचा नाही.

वयाची अट?

वरची अट नाही. डॉक्टर चाला म्हणत असतील आणि घरचे तीन जिने न थांबता चढता येत असतील तर या. गुडघेदुखीवाल्यांनी काठी आणावी. चढताना नाही, उतरताना लागते. कातळावर उतरायचं नसेल तर देवळाच्या ओट्यावर बसून समुद्र बघता येतो. दरवर्षी चार-पाच जण तेच करतात. त्यांना मी कधी आग्रह करत नाही.

मुलं दहा वर्षांपुढची, आणि प्रत्येक मुलामागे घरचा एक मोठा माणूस. कातळावर मुलाचा हात धरलेला असेल तर दुसऱ्या हातात मोबाईल नको.

सराव कसा करायचा?

महिनाभर आधी कंबर तलावाकाठी रोज पाऊण तास. मग एक रविवार तुळजापूर, एक रविवार येडशीजवळचं रामलिंग. तिथे उतारही आहे आणि दगडही. ओल्या दगडाचा सराव सोलापुरात होत नाही, तो तिथेच पहिल्या दहा मिनिटांत सावकाश करायचा.

घाटात गाडी लागते.

पुढे बसा, रात्री हलकं जेवा, आमसूल चघळा. घाट पहाटे येतो, गोळी घ्यायची तर त्याच्या तासभर आधी.

शंख-शिंपले आणले तर चालतील?

नको. रिकामा शंख म्हणजे संन्यासी खेकड्याचं पुढचं घर. कचरा मात्र आणायचा, आपलाही आणि दिसेल तो दुसऱ्याचाही. दारू पिणाऱ्याला गाडीत घेत नाही, याला अपवाद नाही.

काही झालं तर?

रुग्णवाहिकेला १०८, इतर मदतीला ११२, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४. कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. दोर, ओढणी, रिकामी बंद बाटली, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते टाकायचं आणि गावकऱ्यांना हाक मारायची. आमच्याकडे तीस मीटरचा दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि एक शिट्टी असते. शिट्टी तीनदा वाजली की गप्पा बंद आणि सगळ्यांनी वर.

कातळावर असताना समुद्राकडे पाठ करायची नाही. सेल्फीसाठीसुद्धा नाही. लाटा सारख्या येत नाहीत. दहा लहान आल्या म्हणजे अकरावी लहान येईल असं नसतं.

खर्च किती येतो?

गाडीचं भाडं आणि मुक्कामाचा खर्च माणशी विभागतो, हिशोब परतीच्या वाटेवर वाचून दाखवतो. फायदा कुणी काढत नाही. मुक्काम मालगुंड किंवा गणपतीपुळ्याला घरगुती खोल्यांत.

नाव कुठे द्यायचं?

कोजागिरीनंतर दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही कंबर तलावाच्या काठावर असतो. येताना चालायचे बूट घालून या, मी तळ बघते.